दारू सुटली, मग ढोल कशाला सोडायचा?

लग्नसराई आली की आमच्या तळोदा भागात दोन गोष्टींची चौकशी आधी होते. बँड कुणाचा, आणि 'बाकीची सोय' काय? बाकीची सोय म्हणजे कसली, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला लग्न म्हणजे रोडाली पार्टी हवीच. आदिवासी चालींवर वाजणारा कीबोर्ड, सोबत ढोल, माणसाच्या उंचीचे स्पीकर आणि रात्रभर गोल धरून नाच. आणि नाच म्हटला की बाटली, हे समीकरण आता इतकं पक्कं झालंय की बाटलीवाचून कुणी नाचेल, असं वाजवणाऱ्यांनाही वाटत नाही.

हा विषय आज काढायला कारण आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा, धान्यापासून बनणाऱ्या मद्याचा एक नवा वर्गच तयार केला. या सगळ्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील, असा सरकारचा अंदाज. आता गंमत बघा. एकीकडे सरकार व्यसनमुक्तीचे पुरस्कार देतं, शाळांतून शपथा घ्यायला लावतं, २०२० पासून देशात 'नशामुक्त भारत अभियान' चालू आहे. दुसरीकडे तिजोरीची भिस्त बाटलीवर. दारू महागली म्हणजे पिणारा कमी पिईल, हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. पण आमच्याकडे विकतची महागली की माणूस हातभट्टीकडे वळतो आणि जास्तीचे पैसे जातात ते घरातल्या डाळ-तेलाच्या पैशातूनच, हे कुठल्याही बाईला विचारा.

सरकारवर बोलणं सोपं आहे. मला बोलायचंय ते आपल्यावर, म्हणजे गावात दारूबंदीसाठी धडपडणाऱ्या आपणा बायकांवर. भट्ट्या फोडणं, ग्रामसभेत ठराव करणं, 'आडवी बाटली'साठी मतदान घडवून आणणं, हे सगळं आपण करतो आणि ते करायलाच हवं. पण दारू सोडलेल्या माणसाचं पुढे काय? तो संध्याकाळी सात वाजता कुठे जातो? या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे नसतं. आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका गावात दारू सोडलेल्यांचा मेळावा झाला. आसपासच्या पाड्यांवरचे पुरुष, त्यांच्या बायका, मुलं, म्हातारी माणसं. भाषणं ठरलेली होतीच. पण मेळावा घेणाऱ्या तरुणांनी एक वेगळी गोष्ट केली. भाषणं तासाभरात आटोपायची आणि मग रोडाली लावायची, असं त्यांनी ठरवलं. मी बायकांच्या बाजूला बसले होते. खरं सांगायचं तर माझ्या मनातही शंका होतीच, की आता हे लोक उठून घरी जाणार.

त्या पार्टीतल्या ढोल वाजवणाऱ्या दादांशी मी नंतर बराच वेळ बोलले. पंचवीस एक वर्षं लग्नांत वाजवणारा माणूस. ते म्हणाले, "ताई, आम्हाला वाटलं होतं चार गाणी वाजवून सामान आवरायचं. दारू नाही तर नाचणार कोण?" पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा खरंच कुणी उठलं नाही. माणसं पायाने ठेका धरत होती, पण एकमेकांकडे बघत बसून होती. दुसऱ्या गाण्याला दोन म्हाताऱ्या उठल्या. त्यांना कसली लाज! मग बायका उठल्या, मग पोरं, आणि मग एकेक करून पुरुष. पुढे तीन तास कुणी बसायचं नाव घेतलं नाही. गोल मोडत नव्हता.

दादांनी जे सांगितलं ते माझ्या कायम लक्षात राहील. लग्नात रात्री अकरानंतर आपण काय वाजवतो ते कुणी ऐकतच नाही, असं ते म्हणाले. कोणी स्पीकरवर पडतो, कोणी माईक ओढतो, कोणी तेच गाणं दहा वेळा लावायला लावतो, नाही म्हटलं की भांडण. बायका-मुली लांब उभ्या राहतात, कारण गोलात शिरलं की कोण अंगावर येईल याचा नेम नाही. "इथे माणसं ऐकत होती. चाल बदलली की पाय बदलत होते. एका म्हाताऱ्या बाबाने आम्हालाच जुनी चाल सांगितली, म्हणाला अशी वाजव. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी चूक काढली आमची!" हे सांगताना त्यांना केवढा आनंद झाला होता. वादकाची चूक काढायला ऐकणारा शुद्धीवर असावा लागतो ना!

आणखी एक गोष्ट त्यांनी हळूच सांगितली. लग्नात वाजवणाऱ्यांना पाहुणचार म्हणून दारूच दिली जाते. नको म्हटलं तर यजमान रागावतो. पार्टीतली दोन पोरं याच पाहुणचाराने पिऊ लागली. त्या रात्री त्यांनी चहावर तीन तास वाजवलं. आपण वाजवणाऱ्यांचा विचार कधी केलाय का? दारूच्या सगळ्यात जवळ बसून ज्यांचं पोट भरतं, ती ही माणसं.

आता दुसरी बाजू ऐका. त्याच मेळाव्यात माझ्या शेजारी एक बाई बसली होती. तिच्या नवऱ्याने दारू सोडून आठ महिने झाले होते. मी म्हटलं, "चांगलं झालं की गं!" ती म्हणाली, "चांगलं झालं ताई, मारणं थांबलं, मजुरीचा पैसा घरी येतो. पण त्याने दारू सोडली तसं सगळंच सोडलं. लग्नाला जात नाही, होळीला जात नाही. घरात भिंतीकडे तोंड करून बसतो. मला भीती वाटते, असा किती दिवस बसेल?" तिची भीती खरी होती. ते बसणं एक दिवस असह्य होतं आणि माणूस उठून परत गुत्त्यावर जातो.

त्या रात्री तो नाचला का? हो, शेवटच्या अर्ध्या तासात. त्याने पुन्हा कधी दारू घेतली नाही, असं काही मी सांगणार नाही. एका रात्रीच्या नाचाने व्यसन सुटत नसतं. पण दारूवाचून नाचता येतं, हे त्याच्या अंगाला त्या रात्री कळलं. आठ महिने शपथेने जे सांगितलं नव्हतं, ते ढोलाने सांगितलं.

यात गूढ असं काही नाही. व्यसन मेंदूत एकटं राहत नाही, ते भोवतालच्या गोष्टींना चिकटतं. ठरावीक वेळ, ठरावीक मित्र, ठरावीक आवाज. वर्षानुवर्षं ढोल वाजला की पेला हातात आला असेल, तर नुसत्या ढोलाच्या आवाजाने तल्लफ उठते. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत अशा जागा टाळा, असं डॉक्टर सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण आमच्यासारख्या भागात माणूस ढोल जन्मभर कसा टाळणार? होळी, लग्न, नवाई, सगळीकडे ढोल आहे. ढोल टाळायचा म्हणजे समाजच टाळायचा. मग उरतो तो दुसरा मार्ग. ढोलाची आणि बाटलीची गाठ सोडवायची आणि तोच ठेका नव्या सोबतीत, पुन्हा पुन्हा, शुद्धीवर अनुभवायचा.

मैत्रिणींनो, हे शहाणपण बाहेरून आणायची गरज नाही. ते आपल्याच तालुक्यात पिकलेलं आहे. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे, म्हणजे रंजनपूरचे, गुलाम महाराज आठवा. १९३७-३८ चा तो काळ. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, तो झाला १९९८ मध्ये. आपला भाग पश्चिम खानदेशात होता. या भिल्ल समाजातल्या माणसाने सांगितलं, दारू सोडा, रोज आंघोळ करा, स्वच्छ राहा आणि एकमेकांना 'आप' म्हणा. ज्यांना सावकार, जमीनदार, शिपाई सगळेच 'अरे-तुरे' करत, त्या माणसांनी एकमेकांना 'आप' म्हणायचं! 'आप की जय' हा त्यांचा घोष झाला.

पण नुसता उपदेश करून गुलाम महाराज थांबले नाहीत, हे महत्त्वाचं. त्यांनी आरती सुरू केली. दर सोमवारी, सगळ्यांनी मिळून. डोंगरातून, पाड्यांवरून हजारोंनी माणसं चालत येत. विचार करा, आठवड्यातून एक दिवस असा, की सगळी दारू सोडलेली माणसं एका जागी, आंघोळ करून, बायका-मुलांसकट उभी, आणि एका सुरात गातायत. शेजारचा टिकला आहे, हे डोळ्यांनी दिसतंय. आजच्या भाषेत याला आपण 'सपोर्ट ग्रुप' म्हणू. अमेरिकेत 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'ची सुरुवात १९३५ मध्ये झाली. दारुड्याने दारुड्याला धीर द्यायचा आणि ठरलेल्या दिवशी भेटत राहायचं, ही तिची रीत. तिची आणि मोरवडची ओळख असण्याचं काही कारण नव्हतं, तरी दोन-तीन वर्षांच्या अंतराने दोन्हीकडे माणसं त्याच वाटेला लागली.

दारूचे गुत्तेदार आणि सावकार यांनी अर्थातच धसका घेतला. एवढा जमाव पाहून सरकारही बिचकलं. जुलै १९३८ मध्ये गुलाम महाराज गेले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे नेलं, तर त्यांना हद्दपारी भोगावी लागली. नुसत्या आरतीची एवढी भीती का वाटावी? कारण शुद्धीवर असलेला माणूस हिशेब विचारतो. गुत्तेदाराला आणि सावकाराला ते परवडत नव्हतं. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ चा. तेव्हापासून घरची मोहाची दारू गुन्हा ठरली आणि ठेकेदाराची दारू कायदेशीर. मोह आमच्याकडे देवाला चढतो, हे मी नाकारत नाही. आपल्या देवमोगरा मातेच्या यात्रेतही मोहाची धार वाहिली जाते. पण देवापुढची धार वेगळी आणि रोज संध्याकाळी गुत्त्यावर बसणं वेगळं. रोजच्या त्या गुत्त्याला ठेकेदारीचा पाया इंग्रजांनी घातला, हे विसरून आदिवासी माणसाला 'दारुडा' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

त्याआधी १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरून निघालेली 'देवी'ची लाट डांग-सुरतकडच्या आदिवासींत पसरली होती. देवी माणसांच्या अंगात येऊन बोले आणि दारू सोडायला सांगे. गावंच्या गावं सुटली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी यावर पुस्तक लिहिलं आहे. पुढे वर्ष-दोन वर्षांत लाट ओसरली, तेव्हा बरेच जण परत प्यायला लागले आणि काही टिकले. टिकलेल्यांना 'वरजेला' आणि परत वळलेल्यांना 'सरजेला' म्हणत. यातून मी एवढंच शिकते, की उत्साहाची लाट माणसाला उचलते, पण टिकवून धरायला दर आठवड्याचा नेम लागतो. आपले मेळावे नेमके इथे कमी पडतात. वर्षातून एकदा मंडप, पाहुणे, शपथ, फोटो. मंडप उतरला की पुढच्या वर्षापर्यंत सगळे मोकळे!

शेजारच्या शहाद्याची आठवण तर आपल्या बायकांनी अभिमानाने सांगावी अशी. १९७२ मध्ये तिथे श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात होते. मुद्दा जमिनीचा आणि मजुरीचा. पण आदिवासी बायका एकत्र आल्या आणि त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. जमिनीची लढाई लढायला नवरा शुद्धीवर हवा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. मडकं फोडण्याचा वारसा आपण त्यांच्याकडून घेतला. आरतीचा, म्हणजे फोडल्यानंतर एकत्र गाण्याचा वारसा मात्र आपण तळोद्याचे असूनही विसरलो.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' सुरू केलं, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मदत होती. तिथे औषध आणि समुपदेशनाबरोबर गाणं-बजावणंही उपचारात आलं. अवचट स्वतः बासरी वाजवत. गाडगेबाबांनी दारूविरुद्ध कीर्तन केलं, तुकडोजी महाराजांनी खंजिरी हाती घेतली, आजही सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या वाजवत व्यसनावर बोलतात. आणि सातासमुद्रापार अमेरिकेत 'ग्रेटफुल डेड' नावाचा बँड होता. त्याच्या कार्यक्रमांत नशेची चंगळ असायची. पण त्याच्याच काही चाहत्यांनी नशा सोडली होती. त्यांना बँड सोडायचा नव्हता! मग १९८० च्या दशकात त्यांनी 'व्हार्फ रॅट्स' नावाचा गट केला. कार्यक्रमात पिवळे फुगे बांधून ते एक जागा धरत आणि मध्यंतरात तिथे एकमेकांना भेटत. नशा सोडलेल्या कुणालाही त्या गर्दीत फुगे दिसले, की आपली माणसं कुठे आहेत ते कळे. आपल्या होळीत, आपल्या लग्नात असा एखादा कोपरा का नसावा?

होळीवरून आठवलं. आपल्याकडे होळीचं व्रत घेणारे पालनी पाळतात. अनवाणी राहायचं, खाटेवर बसायचं-झोपायचं नाही, ब्रह्मचर्य पाळायचं. आणि मग हीच माणसं बावा-बुध्या होऊन, अंगावर नक्षी काढून, कमरेला घुंगरं-भोपळे बांधून रात्रभर नाचतात. म्हणजे संयम आणि नाच एकमेकांचे वैरी नाहीत, हे आपल्या संस्कृतीला मुळातच ठाऊक आहे.

इथे मला एक इशाराही द्यायचा आहे. मेळाव्याच्या भरात, ढोलाच्या तालावर माणूस 'आजपासून बंद' म्हणून मोकळा होतो. पण जो वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो, त्याने एकदम थांबवलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरतात, भास होतात, फिट येते. वेळेवर उपचार न मिळाले तर जीवही जातो. बाहेरची बाधा समजून भगताकडे नेण्यात मोलाचे तास जातात. म्हणून शपथ घ्यायच्या आधी अशा माणसाला सरकारी दवाखान्यात दाखवायलाच हवं. मेळाव्यात ढोलाशेजारी एक डॉक्टर बसवा, एवढंच माझं म्हणणं. १४४४६ हा नशामुक्तीचा सरकारी मोफत फोन नंबरही तिथेच मोठ्या अक्षरांत लावा. 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे फक्त एकाला कसले तरी उपचार मिळतात. उरलेले सदतीस आपल्याच पाड्यांवर आहेत.

मग करायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी, आणि तिन्ही आपल्या आवाक्यातल्या.

पहिली, वर्षातला एक मोठा मेळावा करण्यापेक्षा दर आठवड्याची एक छोटी संध्याकाळ करा. सोमवारच घ्या, त्याला आपल्याकडे परंपरा आहे. एक ढोल, एक बासरी, एवढं पुरे. पण वेळ ती निवडा, गुत्त्यावर गर्दी होते तीच.

दुसरी, वाजवणाऱ्यांना पैसे द्या. त्या मेळाव्यात रोडाली पार्टीला जे मानधन मिळालं ते लग्नाच्या निम्मंही नव्हतं. 'समाजकार्य आहे, समजून घ्या' असं त्यांना सांगितलं गेलं. मंडपवाल्याला कुणी असं सांगितलं नाही! बिनदारूच्या ठिकाणी पोट भरतं हे वाजवणाऱ्यांना दिसलं, तर उद्या तेच लग्नघरी सांगतील, की पाहुणचारात आम्हाला चहा द्या. ग्रामपंचायतीने, बचत गटांनी, आदिवासी विकासाच्या योजना राबवणाऱ्या कार्यालयांनी भिंतीवरच्या घोषणा रंगवण्याचा खर्च थोडा कमी करून यासाठी पैसे ठेवावेत.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली. नवऱ्याने, मुलाने दारू सोडली की आपण त्याला जपायच्या नादात कोंडून ठेवतो. लग्नाला नको, मित्रांकडे नको. पहिले काही महिने ते ठीक. नंतर मात्र त्याच्याबरोबर आपण जायचं, गोलात त्याच्या शेजारी उभं राहायचं. बायका लांब उभ्या राहून बघतात तो नाच पिणाऱ्यांचा होतो. बायका गोलात शिरल्या की नाचाचा नूरच बदलतो.

हे सगळं करूनही काही जण परत घसरतील. घसरलेल्याला 'सरजेला' म्हणून वाळीत न टाकता पुढच्या सोमवारी पुन्हा बोलवायचं. मोरवडच्या आरतीला येणाऱ्या हजारोंतला प्रत्येक जण काही पहिल्याच आठवड्यात सुटला नसेल. पण सोमवार दर आठवड्याला येत होता. आणि आलेल्या माणसाला तिथे 'आप' म्हटलं जात होतं.